एकाच नावाचे तीन खटले

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शाळेत हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्यावर फलक लावायचा आहे. जमवलेल्या मजकुरांत त्यांचं वय कुठे सतरा, कुठे अठरा, तर कुठे एकोणीस दिलंय. एका ठिकाणी सावरकरांना याच खटल्यात शिक्षा झाली असं आहे, दुसऱ्या ठिकाणी त्यांचं नावच नाही. कोणतं धरायचं? (एक शिक्षिका, पंचवटी)

उत्तर : वयाचा घोळ पूर्ण झालेलं वर्ष आणि चालू वर्ष यांच्यातला आहे. जन्म ७ जानेवारी १८९२ चा. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या त्या दिवशी, २१ डिसेंबर १९०९ ला, सतरा पूर्ण होऊन अठरावं संपायला १७ दिवस उरले होते. फाशी १९ एप्रिल १९१० ला, म्हणजे अठरा पूर्ण, एकोणिसावं चालू. तिन्ही आकडे आपापल्या हिशेबाने बरोबरच आहेत. फलकावर वय घालूच नका. तारखा द्या, वजाबाकी मुलं करतील.

सावरकरांबद्दलचा गोंधळ जरा खोलातला आहे. ‘नाशिकचा खटला’ या एकाच नावाखाली लोक तीन वेगळे खटले एकत्र करतात. पहिला बाबाराव सावरकरांचा, म्हणजे विनायकरावांच्या थोरल्या भावाचा. राजद्रोही ठरवलेल्या कविता छापल्याबद्दल जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. तो खटला जॅक्सनकडून वरच्या कोर्टात गेला होता, म्हणून रोष जॅक्सनवर. दुसरा खटला प्रत्यक्ष खुनाचा. त्यात कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात एकाच दिवशी फाशी दिली. घटनेपासून फाशीपर्यंत अवघे ११९ दिवस. एवढी घाई शक्य झाली ती १९०८ च्या खास कायद्यामुळे : तीन न्यायाधीश, ज्यूरी नाही, अपील नाही.

तिसरा नाशिक कटाचा, ३८ आरोपींचा. विनायकराव सावरकर यात आहेत. लंडनमध्ये त्यांना १३ मार्च १९१० ला पकडलं, मार्सेलची उडी ८ जुलैची, आणि ते मुंबईला पोचले त्याच महिन्यात. तोवर कान्हेरेंना फाशी होऊन तीन महिने झाले होते. तेव्हा दोघे आरोपीच्या एका पिंजऱ्यात उभे राहणं शक्यच नव्हतं. कटाच्या खटल्यात सावरकरांना डिसेंबर १९१० मध्ये पहिली जन्मठेप झाली. पुढे जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याचा आरोप वेगळा चालवून ३० जानेवारी १९११ ला दुसरी झाली. पंचवीस अधिक पंचवीस, ती पन्नास वर्षं. गफलतीचं मूळ या दुसऱ्या शिक्षेत आहे : खून तोच, खटला निराळा. दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे सावरकरांनी लंडनहून पाठवलेली ब्राउनिंग पिस्तुलं, त्यांतल्याच एकाने जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या. लंडनच्या इंडिया हाउस या भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातले स्वयंपाकी चतुर्भुज अमीन यांच्या ट्रंकेच्या चोरकप्प्यातून ती वीस पिस्तुलं १९०९ च्या सुरुवातीला मुंबईत आली होती.

आणखी दोन चुका हमखास होतात. कान्हेरे ‘नाशिकचे सुपुत्र’ नव्हेत. ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले, शिकायला औरंगाबादला होते. नाशिकने मैदानाला त्यांचं नाव दिलं, म्हणून तसा समज होतो. आणि गोळ्या नाटक रंगात असताना सुटल्या नाहीत. जॅक्सनच्या निरोपानिमित्त विजयानंद थिएटरात किर्लोस्कर मंडळींचा ‘शारदा’चा प्रयोग होता. जॅक्सन आत येत असतानाच कान्हेरे पुढे झाले. पडदा, नांदी, मग गोळी, हे वर्णन शाळेच्या नाटुकलीत शोभेल, फलकावर नको.

प्रश्न : आमच्या स्मृतिदिनांच्या यादीत तात्या टोपे आणि कान्हेरे दोघांपुढे १८ एप्रिल लागलाय. बरोबर आहे का? (एक वाचक, येवला)

उत्तर : नाही. तात्या टोपे १८ एप्रिल १८५९, शिवपुरी. कान्हेरे, कर्वे, देशपांडे १९ एप्रिल १९१०, ठाणे. दोन्ही ओळी शेजारी येतात, त्यात नक्कल करणाऱ्याची नजर चुकते. तात्यांचं नाव रामचंद्र पांडुरंग, जन्म तुमच्याच गावचा. येवल्याच्या यादीत तरी ही चूक राहू नये!

प्रश्न : आजोबा नाशिकरोडच्या तुरुंगात होते असं घरात सांगतात. कागद एकही नाही. शोध कुठून सुरू करावा? (एक वाचक, सटाणा)

उत्तर : आधी साल ठरवा, कारण कागद कुठल्या कपाटात असेल ते सालावरून कळतं. १९३० असेल तर बागलाणातल्या जंगल सत्याग्रहाचा संभव मोठा. तिथे नोंद ‘देशभक्ती’ अशी सापडणार नाही. गुन्हा वन कायद्याखालचा, राखीव रानातलं गवत कापल्याचा! ते वाचून घरचे बिचकतात आणि हा माणूस आपला नव्हेच म्हणून कागद बाजूला सारतात. तसं करू नका. १९४२ असेल तर ते भारत संरक्षण नियम २६ खाली स्थानबद्ध होते का, ते पाहा. स्थानबद्धावर खटलाच नसे, त्यामुळे कोर्टात वर्षभर खेटे घालूनही हाती काही लागत नाही. अशा कागदांसाठी मुंबईच्या पुराभिलेखागारात गृह विभागाच्या ‘विशेष’ फायली मागाव्यात.

त्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात स्वातंत्र्यसैनिकांची यादी पाहावी आणि तुरुंगाकडे नोंदीच्या उताऱ्यासाठी लेखी अर्ज द्यावा. अर्जात नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, अंदाजे साल आणि माहीत असेल तर कैदी क्रमांक असावा. आडनाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहून पाहा. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं, आणि कधी आडनावाच्या जागी गावाचं नावच असतं.

उतारा मिळाला की शिक्षा किती झाली यापेक्षा सुटका कधी झाली ते आधी वाचा. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारानंतर अनेक सत्याग्रही मुदतीआधी सुटले. त्यामुळे कागदावर सहा महिने आणि प्रत्यक्षात चार, असं होऊ शकतं. १९७२ पासूनच्या केंद्राच्या सन्मान निवृत्तिवेतनाला साधारणपणे सहा महिन्यांचा तुरुंगवास लागे, म्हणून आजोबांचं नाव त्या यादीत नसेल तर तेवढ्यावरून ते तुरुंगात नव्हतेच, असं ठरत नाही. उलट, नाशिकरोडला होते म्हणजे नाशिक जिल्ह्यात पकडले गेले, असंही नव्हे. साने गुरुजींचं काम खानदेशात, जयप्रकाश नारायण बिहारचे, तेही इथेच होते. अटक दुसऱ्या जिल्ह्यातली निघाली, तर शिक्षेचा हुकूम तिथल्या कोर्टाच्या दफ्तरात शोधावा लागेल.