निषादाच्या पुढे गळा आवळतो तेव्हा: आवाज 'लावायचा' म्हणजे नेमका कुठे?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. स्त्रीचा आवाज, पट्टी काळी पाच (म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी हा षड्ज), चार वर्षं ख्यालाचं शिक्षण. मध्य सप्तकात धैवतापर्यंत सुखाने गाता येतं, निषादापासून तार षड्जाकडे जाताना गळा आवळतो. पाऊण तासाच्या रियाजानंतर घसा कोरडा पडतो, दुखतो. गुरुजी सांगतात 'आवाज डोक्यात लाव'. पाश्चात्त्य पद्धतीचे व्हिडिओ सांगतात 'आवाज मास्कमध्ये, नाका-गालाच्या हाडांत ठेवा'. दोन्ही करून पाहिलं तर आवाज नुसता नाकात जातो.

दोघांचंही चूक नाही, पण दोघंही परिणामाचं वर्णन करताहेत. आवाज कुठेही 'पाठवता' येत नाही. तो स्वरतंतूंवर तयार होतो आणि त्यांच्या वरच्या नळीत, म्हणजे घसा आणि तोंड मिळून झालेल्या पोकळीत घुमतो. ही नळी स्त्रियांत साधारण १४-१५ सेंटिमीटर लांब असते, पुरुषांत १७ च्या आसपास. कपाळाच्या आणि गालांच्या हाडांतल्या पोकळ्या श्रोत्यापर्यंत पोचणाऱ्या आवाजात जवळजवळ काहीच भर घालत नाहीत. नळीतला घुमार जमला की हाडं थरथरतात, आणि ती थरथर आपल्याला ओठांवर, वरच्या दातांत, नाकाच्या दांड्यावर जाणवते. तेराव्या शतकात देवगिरीला 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाची जागा हृदय, मध्य सप्तकाची कंठ आणि तार म्हणजे वरच्या सप्तकाची मूर्धा (डोकं) अशी सांगितली आहे. आजही गाणाऱ्याला तसंच जाणवतं. फक्त जाणीव ही खूण म्हणून वापरायची. तिच्या मागे धावलं की जिभेचं मूळ आणि टाळू विचित्र ताणले जातात, आणि तुमचा आवाज नाकात गेला तो त्यामुळेच.

आता मुख्य अडचण. काळी पाचचा मध्य षड्ज सुमारे २३३ हर्ट्झ, पंचम ३५०, तार षड्ज ४६६. बहुतेक स्त्रियांच्या आवाजात छातीच्या, म्हणजे खालच्या सुरांतल्या जाड, भरीव आवाजाचा आधार साधारण ३३० ते ३७० हर्ट्झच्या पट्ट्यात हलका करायला सुरुवात करावी लागते, म्हणजे तुमच्या मध्यम-पंचमाच्या आसपास. तिथे स्वरतंतू हळूहळू लांब आणि पातळ व्हायला हवेत. तुम्ही मध्य षड्जाचाच जाड, भरीव आवाज ओढत वर नेत असाल, तर तंतू जाडच राहतात, त्यांना हलवायला श्वासाचा दाब वाढवावा लागतो, तो दाब अडवायला ते अधिक घट्ट मिटतात आणि मग मानेचे, जबड्याचे, जिभेचे स्नायू मदतीला येतात. गळा निषादाला आवळला असं वाटतं, पण चूक पंचमाला झालेली असते.

इथे एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. पुरुष काळी एकमध्ये गातो तेव्हा त्याचा तार षड्ज २७७ हर्ट्झला येतो, आणि छातीचा आवाज हलका करण्याचं हे वळण त्याच्या आवाजात साधारण तार गंधार-मध्यमावर (३४६-३७०) पडतं. म्हणजे तार षड्ज खुल्या, छातीच्या आवाजात लावणं त्याला सहज जमतं. तुमचं तेच वळण मध्य सप्तकात. गुरू पुरुष आणि शिष्या स्त्री असेल तर 'असा मोकळा लाव तार सा' हे प्रात्यक्षिक ऐकून शिष्या नेमकी चुकीची नक्कल करते. सूर तोच, शरीरातली जागा वेगळी.

पहिल्यांदा तीन तपासण्या करा. हनुवटीच्या खाली, हाडाच्या मागच्या मऊ भागात अंगठा ठेवा आणि आवंढा गिळा. तो भाग कडक होतो, ते जिभेचं मूळ. आता म प ध नी सां आकारात, म्हणजे 'आ' या उच्चारावर, गा. जिथे अंगठ्याखाली तसाच कडकपणा येईल, तिथून ताण सुरू होतो. दुसरी: 'आ' लावून नाक चिमटीत धरा, सोडा, परत धरा. आवाज बदलला तर पडजीभ खाली लोंबते आहे आणि हवा नाकातून गळते आहे. न बदलला तर आकार खरोखर तोंडातला आहे. तिसरी आरशासमोर: नी-सांला हनुवटी पुढे येते का, मानेच्या शिरा फुगतात का? शार्ङ्गदेवाच्या गायकदोषांच्या यादीत दात आवळून गाणारा 'संदष्ट', मान वाकडी करणारा 'वक्री', नाकात गाणारा 'सानुनासिक' आणि कपाळ-मानेच्या शिरा फुगवून गाणारा 'झोम्बक' आहे. सातशे वर्षांत आपण नवीन दोष शोधलेले नाहीत.

दुरुस्तीची सुरुवात बैठकीपासून. मांडी घालून बसल्यावर कंबर मागे कलंडली तर फासळ्या पोटावर बसतात आणि श्वास वरच्या वर छातीत घेतला जातो. घडी केलेली सतरंजी किंवा ५-७ सेंटिमीटर उंचीची उशी बैठकीखाली घ्या, गुडघे कमरेपेक्षा खाली गेले पाहिजेत. पेटी स्वतः वाजवत रियाज करत असाल तर भाता ओढण्यासाठी खांदा पुढे झुकतो आणि मान तिरकी होते. महिनाभर तरी तंबोऱ्यावर गा. श्वास पोटभर घेऊ नका. छोट्या आलापाला खच्चून भरलेला श्वास म्हणजे तंतूंखाली नको असलेला दाब. नाकातून शांत श्वास, खालच्या फासळ्या बाजूंना उघडलेल्या, मग 'स्‌ऽऽ' असा आवाज २० सेकंद एकसारखा सोडा, पहिल्या पाच सेकंदांचा आणि शेवटच्या पाच सेकंदांचा जोर सारखा हवा. असं पाच वेळा. श्वासाचं एवढंच पुरे. लोक यावर सहा-सहा महिने घालवतात आणि गळा तसाच राहतो.

नळीचा व्यायाम मात्र खरोखर काम करतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. ५-६ मिलिमीटर व्यासाची साधी स्ट्रॉ घ्या, अर्धा पेला पाण्यात तिचं टोक २-३ सेंटिमीटर बुडवा. ओठ स्ट्रॉभोवती मिटून 'ऊ'सारखा आवाज स्ट्रॉमधून काढा. आधी एकाच सुरावर, सुखाच्या मध्य गंधारावर, पाच-सहा वेळा. बुडबुडे एका लयीत आले पाहिजेत. मग सा ते प अशी मींड वर आणि खाली. मग सा ते तार सा, अजिबात न थांबता, जिथे आवाज निसटेल तिथे निसटू द्यायचा. एकूण पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. कारण साधं आहे: तोंडाशी वाट अरुंद केल्याने तंतूंच्या वर थोडा दाब साठतो, तो खालच्या दाबाला तोलतो, आणि तंतू एकमेकांवर आपटल्याशिवाय सहज कंप पावतात. वरच्या सुरांना ते आपोआप पातळ होतात, तुम्हाला 'लावावं' लागत नाही. बिघडतं कुठे? स्ट्रॉ खूप खोल, आठ-दहा सेंटिमीटर बुडवली की जोर लावावा लागतो आणि फायदाच उलटतो. गाल ताठ असतील तर ताण तिथे साठतो. आणि नाकातून हवा गळत असेल तर दाबच तयार होत नाही. मधेच नाक चिमटून पाहा. स्ट्रॉ जवळ नसेल तर ओठ फुरफुरवत तेच सूर म्हणा. रियाजाच्या खोलीबाहेर, गाडीत, स्वयंपाकघरातही जमतं.

स्ट्रॉनंतर लगेच 'म्‌'. ओठ हलके मिटलेले, आत दातांत बोटाच्या टोकाएवढं अंतर, जीभ खालच्या दातांमागे सैल. मध्य पंचमावर 'म्‌ऽऽ' धरा, ओठांना गुदगुल्या झाल्या पाहिजेत. मग त्याच श्वासात म्‌-मो-मा असं उघडा. उघडताना घशात काहीही बदलायचं नाही, फक्त जबडा खाली. मग 'रंग' शब्द म्हणा आणि त्यातला 'ङ्‌' धरून ठेवा. ही नाकातून जाणारी, टाळूला जीभ टेकलेली स्थिती. तिथून जीभ सोडून 'आ' करा. ङ्‌ मध्ये मिळालेली पुढची थरथर आकारात टिकली आणि नाक चिमटल्यावर आवाज बदलला नाही, तर गुरुजी ज्याला 'डोक्यात' म्हणतात आणि व्हिडिओ 'मास्क', ते दोन्ही तुम्हाला सापडलं. पंचमाला टिकलं की अर्धा सूर वर. एका दिवसात षड्ज गाठायची घाई नको.

तार षड्ज खालून चढून शोधू नका, वरून उतरा. तार सां हलक्या 'ऊ'वर, जवळजवळ चोरट्या (पातळ, खोट्या वाटणाऱ्या) आवाजात घ्या, पोकळ वाटला तरी चालेल. तिथून सां नी ध प म असं सावकाश उतरा, आणि उतरताना आवाज आपोआप जाड होऊ द्या. मुद्दाम कुठेही गियर बदलायचा नाही. दोन आठवड्यांत हा हलकेपणा पंचमापर्यंत खाली मिसळतो. मग तोच उतार 'ओ'वर, मग 'आ'वर. चोरटा आवाज म्हटलं की आपल्याकडे नाकं मुरडली जातात. बैठकीत तसा गाऊ नये हे खरं. पण व्यायामासाठी तो टाळणाऱ्यांचाच गळा वर अडकतो.

उच्चारातल्या स्वरांबद्दल (आ, ई, ऊ) एक बारकावा, कारण बंदिशीत अडचण हमखास इथेच येते. प्रत्येक स्वराला नळीचा स्वतःचा एक पहिला घुमार असतो. स्त्रियांच्या बोलण्यातल्या 'ई' आणि 'ऊ' साठी तो ढोबळमानाने ३०० ते ४५० हर्ट्झमध्ये असतो, 'आ' साठी ८०० च्या आसपास. तुमचा तार षड्ज ४६६. म्हणजे त्या सुरावर बोलण्यातला शुद्ध 'ई' लावला तर सूर घुमाराच्या वर निघून जातो, नळी साथ देत नाही, आणि ती उणीव गळा जोर लावून भरून काढतो. तार षड्जावर 'पिया'तली 'पि' किंवा 'सुनी'तली 'नी' आली की जबडा एक बोट जास्त खाली सोडा आणि 'ई' किंचित 'ए'कडे झुकवा. 'ऊ' असेल तर 'ओ'कडे. श्रोत्याला शब्द स्पष्टच ऐकू येतो. आकाराची उलटी चूक होते: तोंड आडवं, हसल्यासारखं फाकलं की आवाज चिरका आणि पसरट होतो. उभं उघडा, दोन बोटं मावतील एवढंच.

'मग आवाज लहान होईल, फेक (आवाज दूरवर पोचणं) जाईल' ही पुढची शंका असणार. फेक जोराने येत नाही. स्वरयंत्राच्या लगेच वरची जागा थोडी अरुंद झाली की ३००० हर्ट्झच्या आसपासचा भाग उजळतो, आणि माणसाचा कान साधारण त्याच टप्प्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. रस्त्यावरच्या भाजीवाल्याची हाळी तिसऱ्या मजल्यावर पोचते ती याच खणखणीमुळे. लहान मुलं चिडवताना 'ञा ञा ञा' करतात, तो आवाज मध्य गंधारावर काढून पाहा, मग नाक चिमटून तोच ठेवा. आकारात त्यातला चिमूटभर मिसळायचा. जास्त झाला तर गाणं नाटकी वाटतं.

खर्जाच्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या सुरांच्या रियाजावर थोडं. सकाळचा खर्ज गळा मोकळा करतो, पण तार षड्जाचं औषध तो नाही. दहा-पंधरा मिनिटं, हळू आवाजात, मंद्र पंचमापर्यंत. त्याखाली हनुवटी छातीत खुपसून ढाल्या (जाड, भारदस्त) आवाजाची नक्कल करू नका. आणि पट्टी एकदा नीट तपासा. काळी चार घेतली तर तार षड्ज ४१५ वर येतो. मंद्र पंचम भरीव लागतो आणि तार पंचम हलक्या आवाजात निदान शिवता येतो, ती पट्टी तुमची. काळी पाच 'बायकांची पट्टी' म्हणून गळ्यात पडली असेल तर ती सोडायला हरकत नाही.

प्रमाण: तार षड्जावर दहा मिनिटं म्हणजे स्वरतंतू एकमेकांवर जवळजवळ २ लाख ८० हजार वेळा आदळतात. म्हणून नी-सांच्या वरचं काम सुरुवातीला एका बैठकीत पाच-सात मिनिटांत आटोपा. वीस मिनिटं गा, पाच मिनिटं गप्प राहा, शेवटी दोन मिनिटं परत स्ट्रॉ. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा आवाज कमी ठेवा. तो मोठा असला की आपणही नकळत ओरडतो. फोन दीड मीटरवर ठेवून तोच एक आलाप दर रविवारी ध्वनिमुद्रित करा, कारण स्वतःच्या हाडांतून ऐकू येणारा आवाज फसवतो: आत भरदार वाटतो तो बाहेर बहुधा घशात अडकलेला असतो.

ज्येष्ठमध, खडीसाखर घेत असाल तर घ्या, तोंडाला ओल राहते. पण गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंना शिवतसुद्धा नाही. झोंबणाऱ्या गोळ्या चघळून दुखरा घसा बधिर करून गाणं धोक्याचं. सारखं खाकरणं सोडा, त्याऐवजी पाण्याचा घोट घ्या. घसा बसला तर कुजबुजून बोलू नका, पूर्ण गप्प राहा. आवाजातला घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, किंवा हलका 'ऊ' तार षड्जावर फुटूनच येत असेल, तर व्यायाम थांबवा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरतंतू पाहून घ्या. तंतूंवर गाठ असेल तर यातला एकही व्यायाम ती घालवायला पुरणार नाही, आणि ती लवकर सापडली तर बऱ्याचदा विश्रांती आणि वाचोपचारावर (स्पीच थेरपी) भागतं.