गाडीच्या टायरमध्ये नायट्रोजन भरून खरंच फायदा होतो का?

फुकट मिळत असेल तर भरून घ्या. दर महिन्याला पैसे मोजून भरण्याइतकं मात्र त्यात काही नाही.

तुम्ही लिहिलंय की नवी गाडी घेतली, टायरवाल्याने चार चाकांचे दोनशे रुपये घेऊन नायट्रोजन भरला, आता दर महिन्याला टॉप-अपला या म्हणतो, आणि वर 'यात साधी हवा चुकूनही मारू नका' अशी तंबीही दिलीय. आधी त्या तंबीचं बोलतो, कारण तिच्यापायी माझा एक टायर गेलाय.

२०२३ च्या मे महिन्यात पुण्याहून लातूरला निघालो होतो. टेंभुर्णीला चहाला थांबलो तेव्हा मागचं डावं चाक जरा बसल्यासारखं दिसलं. समोरच्या पंपावर हवा होती, तीही फुकट. पण माझ्या टायरमध्ये नायट्रोजन! ओळखायला व्हॉल्व्हवर हिरव्या टोप्या लावलेल्या, पैसे मोजलेले. तिथल्या पोराने पाइप हातात घेतलासुद्धा, तर मीच म्हणालो, "नको, बार्शीत नायट्रोजन मिळेल." कुर्डुवाडी ओलांडेपर्यंत गाडी डावीकडे ओढायला लागली. बार्शीत पंक्चरवाल्याने चाक खोललं, टायर रिमवरून उतरवून उलटा केला, तर आतून मूठभर काळा चुरा जमिनीवर पडला, खोडरबर घासल्यावर पडतो तसा. कमी हवेत पन्नासेक किलोमीटर पळाल्याने टायरची बाजूची भिंत आतल्या आत घासून निघाली होती. खिळा वगैरे काही नव्हता. त्याने बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर ठेवली, बारीक बुडबुडा आला. व्हॉल्व्हच्या आतली पिन गळत होती. पिन वीस रुपयांची, नवा टायर साडेचार हजारांचा. "मालक, टेंभुर्णीला साधी हवा मारली असती तर टायर घरी गेला असता," तो म्हणाला, आणि पुढे एवढंच म्हणाला की पैसे रोख द्या.

तर पहिलं हे लक्षात घ्या की नायट्रोजनमध्ये साधी हवा मिसळली तर काहीही बिघडत नाही. साधी हवा म्हणजेच ७८ टक्के नायट्रोजन. उरलेल्यात २१ टक्के ऑक्सिजन, एक टक्क्याच्या आत आरगॉन, आणि थोडी वाफ. दुकानातलं ते मशीनही कुठून वेगळा गॅस आणत नाही. बाहेरचीच हवा ओढून त्यातला बराचसा ऑक्सिजन बाजूला काढतं आणि उरलेलं तुम्हाला विकतं.

आता त्याने भरलेला 'शुद्ध नायट्रोजन' किती शुद्ध होता तेही पाहू. टायर पूर्ण सोडला, गेजचा काटा शून्यावर आला, तरी आत वातावरणाच्या दाबाची हवा उरतेच, ती साधारण १४.७ पीएसआय (दाबाचं माप, पंपावर ज्याला 'पॉइंट' म्हणतात). गेज तेवढं धरत नाही म्हणून शून्य दाखवतं. त्यावर ३३ भरलं की एकूण दाब झाला ४७.७, म्हणजे आतला जवळपास तिसरा हिस्सा जुनी हवाच. मशीनमधून अगदी शंभर टक्के नायट्रोजन येतोय असं धरलं, तरी एका भरण्यात आत साडेसहा टक्के ऑक्सिजन राहतो. म्हणून नीट काम करणारा माणूस दोन-तीन वेळा सोडून भरतो. तुमच्या माणसाने तसं केलं का आठवून बघा. मी पाहिलेले बहुतेक जण टायर सोडतच नाहीत. आत २८ असतं, वरून ५ मारतात आणि टोपी बदलतात. त्या हिशेबात नवा नायट्रोजन दहा टक्के. बाकी सगळी आधीची हवा आणि टोपीचा रंग.

थोडा फायदा आहे, तो नाकारत नाही. रबरातून गॅस हळूहळू झिरपतो आणि ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा तिपटी-चौपटीने लवकर बाहेर पडतो. म्हणून नायट्रोजनवाला टायर जरा उशिरा उतरतो. किती उशिरा? अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने २००६-०७ च्या सुमारास हे करून पाहिलं. ३१ मॉडेलचे टायर घेतले, प्रत्येकाच्या जोडीतल्या एकात हवा, दुसऱ्यात नायट्रोजन, दोन्हींत ३० पीएसआय भरून वर्षभर उघड्यावर ठेवले. वर्षाअखेर हवेचे टायर सरासरी ३.५ पीएसआय उतरले, नायट्रोजनचे २.२. वर्षाला १.३ पीएसआयचा फरक! पंपावरची दोन गेज एकमेकांशी जुळत नाहीत, त्यात यापेक्षा जास्त तफावत निघते. (गंमत म्हणजे ऑक्सिजन आधी निघून जातो, त्यामुळे साधी हवा भरत राहिलात तरी टायरमधला नायट्रोजनचा हिस्सा आपोआप वाढत जातो. याचे कोणी पैसे मागत नाही.)

दुसरा दावा टायर थंड राहण्याचा. माझ्या मते हा सगळ्यात जास्त खपतो, कारण द्रव नायट्रोजनचे धूर सोडणारे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात आणि नायट्रोजन म्हणजे काहीतरी गार, असं डोक्यात बसलेलं असतं. टायरमधला नायट्रोजन बाहेरच्या हवेइतकाच गरम किंवा थंड असतो. तापल्यावर तो फुगतोही कोरड्या हवेइतकाच. २५ अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर पळून पळून ६५ अंशांपर्यंत तापला तर दाब ३९ च्या पुढे जातो, आत काहीही असो. फरक पडतो तो पाण्याचा. पंपाच्या कॉम्प्रेसरची टाकी कोणी वेळच्या वेळी रिकामी करत नसेल तर हवेबरोबर ओल आत जाते, आणि ती तापली की दाब थोडा जास्त चढतो. पावसाळ्यात पंपावर हवा भरताना व्हॉल्व्हमधून पाण्याचा फवारा उडाला तर तो पंप सोडा, दुसरीकडे जा.

'मग विमानात का भरतात?' हे तुम्ही विचारलं नाहीत, पण टायरवाला नक्की ऐकवेल. विमानाचं चाक हजारो फुटांवर गोठणाऱ्या थंडीत जातं, आणि उतरताना ब्रेक एवढे तापतात की टायरच्या आत आग लागू शकते. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिकाना कंपनीचं बोइंग ७२७ मेक्सिको सिटीहून उडाल्यावर ब्रेक तापून टायर फुटल्याने कोसळलं, १६७ माणसं गेली. त्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी हवा भरलेली होती. विमानाच्या बाबतीत ही गोष्ट जीवन-मरणाची आहे. आपल्या गाडीला तसले ब्रेकही नाहीत आणि तसली थंडीही नाही.

राहिला हायवेवर टायर फुटण्याचा प्रश्न. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हापासून नायट्रोजनवाल्यांना हे चांगलं भांडवल मिळालंय. त्या रस्त्यावर कारला १२० ची मर्यादा आहे, वळणं कमी, माणूस तासन् तास एका वेगात जातो. हवा कमी असेल तर चाकाच्या प्रत्येक फेरीला टायरची भिंत दबते आणि सुटते, त्यातून उष्णता तयार होते, आणि शेवटी टायरचे थर सुटून तो फुटतो. लोक मात्र उलटं करतात. उन्हाळा आहे, टायर तापून फुटेल, म्हणून दोन-तीन पॉइंट हवा कमी ठेवतात. माझे सासरे अजून ठेवतात, मी बोलणं सोडलंय. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा असतो तो गार टायरचा असतो. चढणारा दाब कंपनीने हिशेबात धरलेला असतो. दहा-पंधरा किलोमीटर चालवून पंपावर गेलात आणि गेज ३६-३७ दाखवतंय म्हणून हवा सोडलीत, तर सकाळी तोच टायर तीसच्या आसपास सापडेल.

दुसरी चूक टायरच्या वयाची. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी सात-आठ वर्षांचा टायर घेऊन मी समृद्धीवर जाणार नाही, आत कोणताही गॅस असो.

एका माणसाला मात्र मी नायट्रोजन सुचवतो. शेजारच्या काकांची गाडी वर्षभर पार्किंगमध्ये झाकून असते, मुलगा अमेरिकेतून आला की तीन आठवडे चालते. त्यांना हवा तपासायची आठवण कोण करणार? तिथे तो १.३ चा फरकही कामाला येतो. तुम्ही रोज गाडी काढता, तुम्हाला गरज नाही.

त्या पैशांत तीन-चारशे रुपयांचं डायल गेज घ्या आणि पुढच्या कप्प्यात ठेवा. पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी गाडी काढायच्या आधी, चारही चाकं बघा. स्टेपनीही बघा, तिच्याकडे नायट्रोजनवालाही लक्ष देत नाही. कमी असेल तर जवळच्या पंपावर साधी हवा मारा. सरकारी तेल कंपन्यांच्या पंपांवर ती फुकट द्यावी असा नियमच आहे. पोराला पाच-दहा रुपये द्यायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी देतो.

हिरव्या टोप्या काढून टाकू नका, असू द्या. व्हॉल्व्हमध्ये धूळ जाऊ नये म्हणून टोपी लागतेच, आणि माझी पिन बहुधा धुळीनेच गेली होती. त्या चाकाची टोपी कधी हरवली ते मला कळलंच नव्हतं.