'सौम्य अर्बुद' म्हणजे कमी जोराचा कॅन्सर का?

सातपूरच्या एका ताईंचा प्रश्न : सासूबाईंना घास अडकल्यासारखं व्हायचं. तपासणीत अन्ननलिकेत लायोमायोमा नावाची गाठ निघाली. माहितीपत्रकात तिला 'सौम्य अर्बुद' म्हटलंय, आणि 'कॅन्सरच, पण कमी जोराचा' असं समजून घर हवालदिल झालंय. हा शब्द बरोबर आहे का?

ताई, लायोमायोमा कॅन्सर नाही, हे आधी सासूबाईंना सांगा. घरच्यांचं काही चुकलेलं नाही, शब्दानेच दगा दिला. संस्कृतात सौम्य म्हणजे सोमासारखा, चंद्रासारखा शांत. डॉक्टर ज्याला इंग्रजीत 'बिनाइन' म्हणतात, त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थही कनवाळू, भल्या मनाचा. म्हणजे दोन्हीकडे स्वभावच सांगितलाय. पण आजच्या मराठीत सौम्य हे मोजमाप झालंय. करोनात 'सौम्य लक्षणं' रोज कानावर पडायचं : रोग तोच, जोर कमी. मग 'सौम्य अर्बुद' वाचून माणूस दुसरं काय समजणार?

अर्बुद हा शब्द मात्र जुना आणि नेमका. सुश्रुतसंहितेतलं अर्बुद गोल, स्थिर, सावकाश वाढणारं आणि न पिकणारं असतं. पण तो आज घराघरांत बोलला जात नाही. दवाखान्यात आपण म्हणतो 'साधी गाठ', आणि मला तोच शब्द पटतो. फक्त पुढे 'कॅन्सरची नाही' हे जोडावं. कारण साधी म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखी, असंही कुणी समजेल. मोठी झाली तर साधी गाठही घास अडवते. लहान असून त्रास नसेल, तर डॉक्टर बहुधा नुसतं लक्ष ठेवतात.

लायोमायोमा हा ग्रीकवरून घडवलेला शब्द : लायोस म्हणजे गुळगुळीत, मायो म्हणजे स्नायू. गुळगुळीत आहे ती गाठ नव्हे, तर ती ज्यातून उगवते तो अन्ननलिकेच्या भिंतीतला अनैच्छिक स्नायू.

ताईंनी आणखी विचारलंय, शस्त्रक्रियेला 'गाठ कापणं' म्हणावं का? इथे 'सोलून काढणं' हवं. या शस्त्रक्रियेचं इंग्रजी नाव 'एन्यूक्लिएशन', आणि त्याच्या मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थच कवचातून गर काढणं. बुधवारच्या बाजारातून आणलेला मटार सोलताना शेंग उकलली की दाणा अख्खा सुटतो. तसाच स्नायूचा थर बाजूला करून ही गाठ अख्खी सोडवतात, आतलं अस्तर शाबूत ठेवून. म्हणूनच लायोमायोमाची खात्री वाटत असेल तर आधी तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणं सहसा टाळतात. तुकडा काढलेल्या जागी अस्तर गाठीला चिकटतं, आणि मग ती अशी सहज सुटत नाही.