पाच मिनिटांत डिमेन्शिया सांगितला, आता मायचं काय करू?

प्रश्न : ताई नमस्कार, मी औसा तालुक्यातला, शेती करतो. माझी माय ७१ वर्षांची, शाळेचं तोंड कधी बघितलं नाही तिनं पण घरातला सगळा हिशोब तोंडपाठ. मागच्या येळवशीला (वेळ अमावस्येला) आंबील करायला बसली अन् पातेल्यापुढं नुसती बसूनच राहिली, पुढं काय घालायचं तेच ध्यानात येईना. तवापासून वाढतच चाललंय. आता रोज दिवस मावळला की माझ्या पाटल्या चोरल्या म्हणून माझ्या बायकोच्या मागं लागायली. लातूरला मेंदूच्या डॉक्टरला दाखवलं, एमआरआय केला, डॉक्टर म्हणले डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, वयाचा आजार. डोनेपेझिल ५ ची गोळी लिहून दिली अन् तीन महिन्यांनी या म्हणले. बाहेर चाळीस पेशंट, मला काही विचारायचं सुचलंच नाही. गोळी चालू केल्यापासून मायला जुलाब व्हायलेत, जेवण पण कमी झालं. बहीण म्हणती मायला काही सांगू नको, पण माय रोज विचारायली, "मला काय झालंय रे?"
— एक वाचक, औसा तालुका

उत्तर : भाऊ, आधी गोळीचं बघा. तीन महिने थांबू नका, उद्याच दवाखान्यात फोन लावा. डोनेपेझिलनं जुलाब, मळमळ, भूक मरणं हे होतं, बऱ्याच जणांना सुरुवातीला होतं, डॉक्टर मग जेवणानंतर घ्यायला सांगतात, डोस कमी करतात नाहीतर दुसरी गोळी देतात. तुमच्या मनानं बंद किंवा चालू करत बसू नका. पण मायला चक्कर यायली, डोळ्यापुढं अंधारी यायली असं काही असेल तर फोनवर वाट बघू नका, तडक घेऊन जा, कारण या गोळीनं काही जणांच्या नाडीचे ठोके कमी होतात. आणि हे डॉक्टरांनी सांगायला पाहिजे होतं तरी मी सांगते, ही गोळी आजार बरा करत नाही, काही जणांचं काही दिवस जरा बरं चालतं, एवढंच. महिन्याभरात माय पहिल्यासारखी होईल असं धरून चाललात तर लई त्रास होईल.

आता दुसऱ्या भेटीचं. माझ्या वडिलांना, आम्ही अण्णा म्हणायचो, हाच आजार होता. पहिल्या वेळी मी पण तुमच्यासारखीच कागद हातात घेऊन मुकाट बाहेर आले. दुसऱ्या वेळी लई बोलले आणि तेच चुकलं. अण्णा शेजारच्या खुर्चीवर बसलेले आणि मी डॉक्टरांना सांगत होते की हे रात्री कपडे खराब करतात, हे शिव्या देतात, यांना काही कळत नाही. अण्णा खाली मान घालून स्वतःच्या चपलेचा अंगठा बोटानं चाचपत बसले होते. परत येताना एसटीत घर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. सगळं कळत होतं त्यांना, आजही ते आठवलं की पोटात कालवतं.

म्हणून मायच्या तोंडावर जे बोलवत नाही ते घरूनच एका कागदावर लिहून न्या आणि आत जायच्या आधी नर्सच्या हातात द्या, डॉक्टरांना आधी हे वाचायला द्या म्हणावं. पानभरच लिहा, "लई विसरती" असलं नको, काय झालं, कधी झालं, आठवड्यात किती वेळा ते लिहा. येळवशीची आंबील लिहा. पाटल्यांचं दिवस मावळल्यावरच होतं, हे तर नक्की लिहा, संध्याकाळी गोंधळ, घोर वाढणं या आजारात बऱ्याच जणांचं होतं. नसलेली माणसं, लेकरं दिसतात का, चाल आखडली का, हे पण, कारण डिमेन्शियाच्या एका प्रकारात असं होतं आणि त्या पेशंटला शांत करायची काही औषधं लई बाधतात.

मग आत गेल्यावर मायला बोलू द्या. डॉक्टरांनी काही विचारलं की ती तुमच्याकडं वळून बघेल, तू सांग म्हणून. लगेच सांगू नका, जरा थांबा. तिचं ते वळून बघणं पण डॉक्टरांना बरंच काही सांगून जातं.

तुम्ही विचारायचं ते असं. "वयाचा आजार" म्हणजे नेमका कोणता? नुसत्या वयानं डिमेन्शिया होत नाही, आणि ते एका आजाराचं नाव पण नाही. सगळ्यात जास्त अल्झायमर असतो, पण मेंदूला रक्त कमी पडून होणारा पण असतो आणि तिथं बीपी-शुगर ताब्यात ठेवली तर पुढचं नुकसान कमी करता येतं, म्हणून प्रकार विचारायचाच. बी-१२ आणि थायरॉइड तपासलं का? माय माळकरी असेल, मांस-मच्छी कधी खाल्लं नसेल, तर बी-१२ कमी असायची शक्यता बरीच असते आणि त्यानं पण विसर पडतो, इंजेक्शननं ते भरून काढता येतं. झोपेच्या, सर्दीच्या, लघवीच्या काही गोळ्यांनी पण डोकं जड होतं, घोटाळा वाढतो, म्हणून घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, मेडिकलवरून आपल्या मनानं आणलेल्या सुद्धा.

आणि एक गोष्ट मला फार लागते. स्मरणशक्ती तपासायला ३० मार्कांची जी परीक्षा घेतात तिच्यात तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, एक वाक्य लिहायला सांगतात. शाळेत न गेलेल्या बाईला हे कसं जमावं? तिचे मार्क आजारानं गेले का शाळा नव्हती म्हणून गेले, हे डॉक्टरांना सरळ विचारा, त्यात वावगं काही नाही. लिहितावाचता न येणाऱ्यांसाठी वेगळी चाचणी असते. वेळ द्यायला तिथं कुणी तयार नसेल तर लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभागात दाखवा. तिथं "मानसोपचार" लिहिलंय म्हणून लाजू नका.

मायला सांगायचं का, तर ती विचारते ना, मग सांगा. बहिणीची माया मला कळते, पण रोज विचारणाऱ्या माणसाला रोज "काही नाही झालं" म्हटलं की तिला वाटतं आपलंच डोकं फिरलं. "माय, विसरायचा आजार झालाय, गोळी चालू आहे, मी हाय ना" एवढं बास. तिनं पुढचं विचारलं तर पुढचं सांगा. तिला समजतंय तोवरच जमिनीचं, बँकेचं तिच्या मनात काय आहे ते विचारून कायदेशीर करून घ्या. पुढं समज गेल्यावर कोऱ्या कागदावर अंगठा घेणारे मी आमच्याच भावकीत बघितलेत, तसं तुमच्या घरात होऊ देऊ नका.

पाटल्यांवरून वाद घालू नका, "चल शोधू" म्हणा, चहा ठेवा, दिवे लवकर लावा. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात वहिनींना बरोबर न्याच. तुम्ही दिवसभर रानात, घरात मायजवळ त्या असतात, आळ पण त्यांच्यावरच येतो, म्हणजे डॉक्टरांना खरी माहिती त्याच देऊ शकतात. त्यांना मन मोकळं करायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन फुकट आहे, ज्येष्ठांसाठी १४५६७ पण आहे. रात्री त्यांची झोप किती तास होते ते आज विचारा आणि त्या कागदावर ते पण लिहा.