व्हिस्कीत पाणी घालावं का, आणि घालायचं तर किती?

तुम्ही विचारलंय की कोरी व्हिस्की प्यायली की फक्त जळजळ जाणवते, पाणी घातलं की सोबतचे ‘वाया घालवलीस’ म्हणतात, तर आपली चवच कच्ची आहे का. नाही, तुमच्या चवीत काही खोट नाही. तुम्हाला जाणवणारी जळजळ खरी आहे आणि तिच्यावर उपाय म्हणजे पाणीच. फक्त ते मोजून घालायला हवं.

आधी ‘शुद्ध’ व्हिस्कीचा मुद्दा. बाटलीतल्या बहुतेक व्हिस्कीत पाणी आधीच घातलेलं असतं. स्कॉच माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची स्कॉटलंडमधली व्हिस्की, लाकडी पिंपात भरतात तेव्हा ती बहुधा ६३.५ टक्के अल्कोहोलच्या आसपास असते. ती मुरल्यावर पाणी घालून ४०, ४३ किंवा ४६ टक्क्यांवर आणतात आणि मग बाटलीत भरतात. स्कॉचला कायद्याने किमान ४० टक्के ठेवावेच लागतात. अपवाद फक्त ‘कास्क स्ट्रेंथ’ लिहिलेल्या, म्हणजे पिंपातल्याच कडकपणाने भरलेल्या बाटल्यांचा. त्या ५० ते ६० टक्क्यांच्या घरात, कधी त्याहून कडक असतात. म्हणजे ४० टक्क्यांची बाटली कोरी पिणारा माणूसही पाणी घातलेलीच व्हिस्की पितो. कुणीतरी सर्वांसाठी एक प्रमाण ठरवून दिलेलं असतं, एवढंच. ते तुमच्या जिभेला मानवेलच असं नाही. शिवाय ब्लेंडर मंडळी, म्हणजे वेगवेगळ्या पिंपांतली व्हिस्की मिसळून ‘ब्लेंड’ बनवणारे, पिंपांचे नमुने नुसत्या वासावर पारखतात तेव्हा ते पाणी घालून साधारण २० टक्क्यांवर आणण्याची जुनी रीत आहे. ज्यांचा पेशाच सुवास ओळखण्याचा आहे, त्यांना निम्म्याहून जास्त पाणी चालतं. त्यामुळे कोरी पिण्यालाच जाणकारी समजण्याची जी रीत पडली आहे, ती मला साफ चुकीची वाटते.

आता पाण्याने होतं काय? अल्कोहोल तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या संवेदकांना चेतवतं. मिरचीची आग ज्या संवेदकांमुळे जाणवते, तेच हे संवेदक. अल्कोहोल कडक असेल तर या आगीपुढे बाकी चव दबते, आणि नाकातही झोंबण्यामुळे बारीक वास हरवतात. पाणी घातलं की ही आग उतरते. याशिवाय सुवासाचे कितीतरी रेणू पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये अधिक सहज विरघळतात. पाणी वाढलं की त्यांना द्रवात राहणं अवघड होतं. २०१७ साली स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात ग्वायकॉल या धुरकट वासाच्या रेणूचं वर्तन तपासलं. ४५ टक्क्यांपर्यंत तो रेणू पृष्ठभागाजवळ राहण्याकडे कललेला दिसला, तर ५९ टक्क्यांच्या वर अल्कोहोलच्या रेणूंनी वेढलेला. हा एकाच रेणूचा अभ्यास आहे, त्यावरून सगळ्या व्हिस्कींचा नियम काढता येणार नाही. पण कडक, धुरकट व्हिस्की थोड्या पाण्याने खुलते हा पिणाऱ्यांचा अनुभव त्याच्याशी जुळतो.

प्रमाणाचा हिशोब सोपा आहे. व्हिस्कीचे मिली गुणिले तिची टक्केवारी, भागिले हवी असलेली टक्केवारी, म्हणजे एकूण किती मिली व्हायला हवं ते कळतं. ६० टक्क्यांची ३० मिली ४५ टक्क्यांवर आणायची तर एकूण ४० मिली, म्हणजे १० मिली पाणी. ४० वर आणायला १५ मिली. ४६ टक्क्यांच्या ३० मिलीत एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, पाणी घातलं की ती ३९ टक्क्यांच्या जवळ येते. ४० टक्क्यांच्या ३० मिलीत तेवढंच घातलं तर ३४ च्या जवळ. फरक लक्षात घ्या: तोच चमचा एका बाटलीला खुलवतो आणि दुसरीला फिकी करतो. ‘दोन थेंब घाल’ हा सल्ला म्हणूनच अपुरा. ६० टक्क्यांच्या व्हिस्कीला दोन थेंबांनी जवळजवळ काहीच होत नाही.

करून बघताना दोन ग्लास घ्या, हे मी आग्रहाने सांगतो. एकाच ग्लासात आधी कोरी आणि मग पाणी घालून प्यायलात तर फसाल, कारण दोन-तीन घोटांनंतर तोंड अल्कोहोलला सरावतं आणि व्हिस्की आपोआप सौम्य वाटू लागते. त्याचं श्रेय पाण्याला जातं. दोन्ही ग्लासांत १५-१५ मिली घ्या. एक तसाच ठेवा. दुसऱ्यात अर्धा चहाचा चमचा पाणी घाला, हलकेच फिरवा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. ग्लास तोंडाशी निमुळता असला तर उत्तम. पसरट ग्लासात वास जमत नाही. नाक ग्लासात खुपसू नका. ओठ किंचित उघडे ठेवून, ग्लास हनुवटीच्या पातळीवरून हळूहळू वर आणत वास घ्या. वाइनसारखा जोरात घुसळू नका, त्याने आधी अल्कोहोलचाच भपका येतो. पहिला घोट अगदी लहान घ्या, फक्त तोंड ओलं होईल इतका, आणि तो विसरून जा. दुसऱ्या घोटापासून लक्ष द्या. मध्ये साधं पाणी प्या. दुसऱ्या ग्लासात पुढचं पाणी पाव-पाव चमच्याने वाढवा, कारण घातलेलं काढता येत नाही. आणि जिथे चव अचानक पातळ लागते, तिथे प्रमाण ओलांडलं असं समजा. पुढच्या वेळी त्याच्या एक पायरी आधी थांबायचं.

सगळ्या व्हिस्की पाण्याला सारख्या साथ देत नाहीत. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवलेल्या माल्टच्या, म्हणजे स्कॉटलंडमधल्या आयला बेटावरच्या आर्डबेग, लाफ्रॉएग यांसारख्या, पाणी छान पेलतात. धुराआडची गोडी आणि फळांचा वास पुढे येतो. बर्बन ही मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की कायद्यानेच आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरते, त्यामुळे तिच्यात व्हॅनिला भरपूर असतो, पण पाणी जास्त झालं तर गोडवा आधी ओसरतो आणि लाकडाचा कडवट कोरडेपणा मागे उरतो. ४० टक्क्यांच्या नाजूक ब्लेंडला कोरं किंवा जेमतेम पाव चमचा पाण्यासोबत घ्यावं, नाहीतर सरळ सोड्याकडे वळावं. मधल्या प्रमाणात ती ना धड इकडची, ना तिकडची. जुन्या, शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेल्या व्हिस्कीत मी सर्वांत जपून पाणी घालतो. सुक्या मेव्यासारखा तो दाट वास एका जादा चमच्यात विस्कटू शकतो.

पाणी घातल्यावर व्हिस्की किंचित गढूळ दिसली तर घाबरू नका. बाटलीत भरण्यापूर्वी थंड करून गाळलेली नसली की तिच्यातले तेलकट घटक आणि एस्टर नावाचे सुवासिक घटक, त्यातही लांब साखळीचे, ४६ टक्क्यांच्या खाली आल्यावर एकत्र गोळा होतात. तो दोष नाही. पाणी मात्र साधं, वास नसलेलं आणि खोलीच्या तापमानाचं हवं. क्लोरीनचा वास येणारं पाणी बारीक सुवास मारतं. ते रात्रभर उघडं ठेवलं तर वास बराच उडतो. फार जड, खारट पाणीही टाळा.

बर्फाचं गणित वेगळं आहे. तो दोन कामं एकदम करतो: थंड करतो आणि वितळून पाणीही घालतो. थंडीने वास उडण्याचं प्रमाण घटतं, म्हणून सुवास मिटतो आणि जळजळही कमी होते. उन्हाळ्यात किंवा गोड, जोरकस बर्बनला हे छान जमतं. पण महागडी व्हिस्की तिच्या वासासाठी घेतली असेल तर बर्फ टाकणं म्हणजे जे विकत घेतलं तेच झाकणं. घालायचाच तर एक मोठा खडा घाला. चुऱ्याचा पृष्ठभाग जास्त, म्हणून तो भराभर वितळतो आणि ग्लासातलं प्रमाण तुमच्या हातात राहत नाही.

सोडा घालणं हलकं समजलं जातं, पण जपानमध्ये हायबॉल, म्हणजे उंच ग्लासातली व्हिस्की-सोडा, हा अत्यंत काळजीने बनवला जाणारा प्रकार आहे. उंच ग्लास बर्फाने काठोकाठ भरायचा, ढवळून ग्लास थंड करायचा, सुटलेलं पाणी ओतून टाकायचं. मग एक भाग व्हिस्की, पुन्हा ढवळायची, आणि तीन ते चार भाग अगदी थंड सोडा कडेने, बर्फावर न आपटता सोडायचा. चमच्याने तळातून एकदाच वर उचलायचं. बिघडतं ते नेहमी इथेच: सोडा कोमट असतो, बर्फ कमी असतो किंवा शेवटी जोरात ढवळलं जातं, आणि बुडबुडे गेले की उरतं ते बेचव पाणी.

पाण्याने ग्लास मोठा होतो, दारू कमी होत नाही, हेही ध्यानात असू द्या. ४० टक्क्यांच्या ३० मिलीत साधारण साडेनऊ ग्रॅम अल्कोहोल असतं. ते सोड्यात प्या नाहीतर कोरं. हिशोब ओतलेल्या व्हिस्कीचा ठेवायचा, आणि गाडी चालवायची असेल तर हे प्रयोग त्या दिवशी नकोत.

ही तुलना एकाच बाटलीवर काही आठवडे चालणार असेल तर बाटली उभी ठेवा, आडवी नको. कडक अल्कोहोल बूच खराब करतं आणि त्याचा वास व्हिस्कीत उतरतो. ऊन लागू देऊ नका. बाटलीत एक तृतीयांशच उरली की आतल्या हवेमुळे चव हळूहळू सपाट होत जाते. तेव्हा उरलेली लहान, कोरड्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे बदललेली चव पाण्यामुळे की हवेमुळे असा घोळ होणार नाही.