थिसिस कपाटात पडलाय, पेपर कसा काढू?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सोलापूरचा. नान्नज, वडाळा भागातल्या माळरानावरच्या पक्ष्यांवर पीएचडी झाली, दोन वर्षं झाली. 2022 च्या यूजीसी नियमात सबमिशनआधी पेपर छापायची सक्ती काढून टाकली त्यामुळे माझा राहूनच गेला. आता एका जर्नलचा मेल आलाय, सहा हजार भरा, आठ दिवसांत छापतो. गाईड म्हणतात आख्ख्या थिसिसचा एकच मोठा पेपर कर. आणि थिसिस शोधगंगावर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर आहे, मग माझंच लिखाण कॉपी धरतील का?

उत्तर : दादा, आधी ते सहा हजार खिशातच ठेवा. आठ दिवसांत कुणी तुमचा डेटा नीट वाचूच शकत नाही, रिव्ह्यूला, म्हणजे त्या विषयातल्या जाणकारांच्या तपासणीला, महिने जातात आणि ते जायलाच हवेत. यूजीसीने केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादीही 2025 मध्ये बंद केली, म्हणजे जर्नल पारखायचं काम आता आपल्यावरच. त्यातले जुने पेपर उघडून वाचा, संपादक मंडळातली माणसं खरंच त्या विषयातली आहेत का बघा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं जर्नल 1886 पासून निघतंय, कोइमतूरचं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा आहे, आपल्या माळावरचं काम तिथे परकं वाटणार नाही.

गाईडचा मान ठेवून सांगते, आख्खा थिसिस एका पेपरात कोंबू नका. थिसिस परीक्षकाला दाखवायला असतो की मी हे सगळं वाचलं, हे सगळं केलं, पेपरला एकच प्रश्न लागतो. समजा तुमच्या वहीत डोंबारी चंडोलाच्या, म्हणजे जमिनीवर घरटं करणाऱ्या छोट्या पक्ष्याच्या, घरट्यांच्या नोंदी आहेत, जनावराच्या खुराच्या खळग्यात घातलेली दोन-तीन अंडी, शेजारी कुसळीचा झुपका, तारीख, गवताची उंची. मग प्रश्न एवढाच, चराई झालेल्या आणि राखलेल्या माळावर घरटी टिकण्यात फरक पडतो का? बास, त्यावर पेपर होतो. पक्ष्यांची यादी आणि ऋतूंचे आकडे दुसऱ्या पेपरात. आणि जिथे पक्षी दिसला नाही त्या फेऱ्याही मोजा, किती ट्रान्सेक्ट (मोजणीसाठी चालायच्या ठरलेल्या रेषा), किती वेळा चाललात हे नसेल तर रिव्ह्यूअर पहिल्याच पानावर अडवतो आणि त्याचं बरोबरच असतं.

शोधगंगाची भीती नको. बरीच जर्नल्स थिसिसला आधीचं प्रकाशन धरत नाहीत, तरी त्यांचा नियम वाचा आणि कव्हर लेटरमध्ये स्पष्ट लिहा की हा माझ्या थिसिसचा भाग आहे. परिच्छेद उचलून चिकटवू नका, नव्याने लिहा, तसंही 40 पानांचं प्रकरण 10 पानांत आणायचं तर लिहावंच लागतं. लेखकांची नावं आणि क्रम गाईडशी आत्ताच बोलून घ्या, पेपर तयार झाल्यावर नाही.

एक मात्र कळकळीने सांगते. नान्नजचं अभयारण्य 1979 मध्ये माळढोकासाठी झालं आणि आज तो पक्षी तिथे दिसणं किती दुर्मिळ झालंय हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. लांडग्याची बिळं, माळढोकाची जागा असलं काही वहीत असेल तर नेमके जीपीएस आकडे छापू नका, तालुका लिहा, फार तर ढोबळ चौकट दाखवा. बाकीचा डेटा मात्र उघडा ठेवा, 10 वर्षांनी कुणी त्याच माळावर फिरेल तेव्हा त्याला तुमचेच आकडे लागतील.