पुड्यावरची नाचणी

प्रश्न : नातवंडांसाठी विट्याच्या बाजारातून ‘नाचणी बिस्किटे’ आणली. पुड्यावर परवाना क्रमांक आहे, हिरवा ठिपकाही आहे. ती पौष्टिक समजावीत का?
— एक आजी, विटा, जि. सांगली

उत्तर : आजी, आधी पुडा उलटा करून पाहावा. १४ अंकी क्रमांक उत्पादकाकडे अन्न सुरक्षा परवाना असल्याचे सांगतो आणि हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे. पौष्टिकतेची हमी दोन्हींपैकी कोणीच देत नाही. घटकांची यादी मात्र वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, त्यामुळे मैदा, साखर आणि पामतेल यांच्या मागून नाचणी येत असेल आणि तिच्यापुढे ८ टक्के लिहिलेले असेल, तर १०० ग्रॅमच्या पुड्यात ती अवघी ८ ग्रॅम, म्हणजे भाकरी थापताना परातीत भुरभुरवण्याइतकीच. (चित्रातले टपोरे कणीस हिशेबात धरू नये.)

पोषण तक्त्यात ‘ॲडेड शुगर’ची ओळ अवश्य वाचावी. तिथे १०० ग्रॅममागे २५ ग्रॅम असेल, तर प्रौढ माणसाच्या दिवसासाठी लेबलावर आधारभूत धरलेल्या ५० ग्रॅमपैकी निम्मी साखर त्या एका पुड्यातच संपते, आणि नातवंडे तर लहान आहेत.